पीडीएफ मिळाली, खरं वाचता येईना

वाचकांचे प्रश्न, ग्रंथपालबाईंची उत्तरं

गेल्या अंकात मी सहज म्हणून लिहिलं होतं की आमच्या ग्रंथालयात हल्ली पुस्तकांपेक्षा पेनड्राइव्ह जास्त हरवतात. त्यावर पत्रं आली ती पेनड्राइव्हबद्दल नव्हेत, त्यात भरलेल्या पीडीएफबद्दल. फुकट मिळालेलं वाटावं का, झेरॉक्स म्हणजे चोरी का, स्वतःच्या नोट्स सगळ्यांना खुल्या कशा कराव्यात. बेळगाव, खानापूर, निपाणी, सगळा मुलूख आला. पाच पत्रं घेतलीत. पहिल्याला जागा जास्त दिलीय, बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : माझा भाऊ बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला जन्मापासून दिसत नाही. फोन त्याला वाचून दाखवतो, खरं इंग्रजी तेवढंच नीट वाचतो. कॉलेजच्या ग्रुपवर सर लोक मराठीच्या नोट्स टाकतात, त्या उघडल्या की फोन काहीतरी बडबडायला लागतो, नाहीतर गप्पच बसतो. रोज रात्री मी वाचून दाखवते. खरं आता माझं लग्न ठरलंय. — एक बहीण, येळ्ळूर

उत्तर : पोरी, आधी माझा एक गुन्हा कबूल करते.

बऱ्याच वर्षांमागं आम्ही ऐच्छिक मराठीच्या मुलांसाठी एक पुस्तिका केली. अभंग, त्यांचे अर्थ, मागच्या पेपरांतले प्रश्न. डीटीपीवाल्याकडून सुबक टाइप करून घेतली, मुद्रितं मी स्वतः दोनदा वाचली, एक अनुस्वार सुटू दिला नाही. ग्रंथालयाच्या संगणकावर पीडीएफ ठेवली आणि आठवडाभर मिरवत फिरले. मग जांबोटीकडचा एक मुलगा आला. हातात पांढरी काठी, गळ्यात हेडफोन. पाच मिनिटांत त्यानं हाक मारली, "बाई, ही मराठी कुठल्या गावची म्हणायची?" मी हेडफोन कानाला लावला. तुकोबांच्या अभंगाच्या जागी एक यंत्रातली बाई ठणठणीत आवाजात "कॅपिटल ई, डॉलर, कंस सुरू, ई, ई" म्हणत होती. तो हसायला लागला. मला काही हसू येईना.

झालं होतं असं. जुन्या डीटीपी फाँटांत मराठी ही नुसती दिसण्यापुरती मराठी असते. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच बसलेली असतात, फाँट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. डोळ्याला 'क' दिसतो, आत भलताच कुणी असतो. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मुखवटा बघत नाही, आतला माणूस बघतं आणि त्याचंच नाव पुकारतं. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात असं होत नाही, तिथं आपल्या 'क'चा स्वतःचा क्रमांक आहे, ०९१५, आणि तो कुठल्याही फाँटात, कुठल्याही फोनवर 'क'च राहतो. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आणि कन्नड दोन्ही त्यात आहेत. म्हणजे आम्ही पुस्तिका केली तेव्हा सोय होती. मला माहीत नव्हती, डीटीपीवाल्याला गरज नव्हती.

भावाच्या फायलींना कुठला आजार आहे ते घरीच बघता येतं. पीडीएफमधल्या एका ओळीवर बोट दाबून धर, ती कॉपी कर आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठव. मराठी जशीच्या तशी उमटली तर फाईल निरोगी आहे, अडचण फोनच्या आवाजात आहे. सेटिंगमध्ये जाऊन मराठी आवाज उतरवून घे. चित्रविचित्र अक्षरं उमटली तर जुना फाँट. आणि ओळ निवडताच येत नसेल तर ती फाईल म्हणजे कागदाचे फोटो आहेत. फोनला त्यात अक्षर दिसत नाही, फक्त चित्र दिसतं, म्हणून तो गप्प बसतो.

जुन्या फाँटाला औषध सोपं आहे. सरांकडं पीडीएफ नको, मूळ फाईल माग. जुन्या फाँटाचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर मिळतात. त्यातून काढल्यावर 'ज्ञ', 'ऋ', 'ऱ्या' आणि पहिली वेलांटी तेवढी डोळ्यांखालून घाल, घोटाळा तिथंच होतो. फोटोच्या फाईलसाठी ती गूगल ड्राइव्हवर चढवायची आणि गूगल डॉक्समध्ये उघडायची. चित्रातली अक्षरं ओळखून खाली मजकूर येतो, मराठीचाही, कन्नडचाही. सरळ धरून, उजेडात काढलेला फोटो असेल तर बरं येतं. मोबाईलची सावली पडलेली झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर 'घ'चा 'ध' आणि 'भ'चा 'म' होतो. दोन रकान्यांचं पान असेल तर कधीकधी डाव्या रकान्यातली ओळ उजव्या रकान्यात घुसते आणि फुल्यांच्या वाक्यात टिळक बोलायला लागतात.

आणखी एक, कुणी सांगत नाही ते. मजकूर वाचता येणं आणि त्यात फिरता येणं वेगळं. सर लोक मथळा मोठा आणि ठळक करतात आणि समजतात की झालं. डोळसाला तो मथळा दिसतो, भावाच्या फोनला ती फक्त जाड अक्षरं. वर्डमध्ये त्या ओळीला 'हेडिंग' ही स्टाईल दिली की फोन एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो. बेळगावात गल्ल्यांना नावं नसती तर रामदेव गल्लीतलं दुकान शोधायला किल्ल्यापासून दार ठोठावत यावं लागलं असतं. चाळीस पानांच्या नोट्समध्ये तुझा भाऊ रोज तेच करतोय. घरी संगणक असेल तर एनव्हीडीए हे वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर घाल. ते फुकट आहे, खुलं आहे, २००६ पासून चालू आहे, आणि मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही वाचतं. आवाज पहिले दोन दिवस कर्कश वाटतो. मग पोरं तो इतका जलद लावतात की आपल्याला एक अक्षर कळत नाही.

आता कायद्याचं. लोक भीती घालतील की पुस्तक स्कॅन केलंस तर गुन्हा होतो. होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून कुठलंही पुस्तक तिला चालेल अशा रूपात करून द्यायला कुणालाही मुभा आहे, नफा कमवायचा नाही एवढीच अट. अंधांना वाचता येतील अशी पुस्तकं मिळावीत म्हणून देशादेशांत झालेल्या मराकेश कराराला मान्यता देणारा जगातला पहिला देशही आपलाच, २०१४ साली. 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाईन ग्रंथालय ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालं, तिथं भावाचं नाव नोंदव. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा हवाला देऊन प्राचार्यांना एक लेखी अर्ज दे. तोंडी सांगितलेलं सगळ्यांच्या लक्षात राहतं आणि कुणीच करत नाही.

मात्र त्या सवलतीला एक कुंपण आहे. तू रात्र जागून पुस्तकाची नीट फाईल केलीस तर ती भावाला देता येते, त्याच्यासारख्या दुसऱ्यालाही देता येते, खरं अख्ख्या वर्गाला वाटता येत नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजातली दुसरी बहीण तेच पुस्तक पहिल्या पानापासून परत टाइप करत बसते. सरांच्या स्वतःच्या नोट्सचं तसं नाही, त्या त्यांच्या मालकीच्या आहेत. त्यांनी शेवटच्या पानावर परवान्याची एक ओळ लिहिली की तू दुरुस्त केलेली फाईल सगळ्यांची होते. ती ओळ काय असते ते पुढच्या उत्तरात. लग्नाआधीचा एक रविवार सरांच्या घरी जाऊन ये.

प्रश्न : मी पदवीला अर्थशास्त्र शिकवते. टेलिग्रामवर सगळी पुस्तकं फुकट मिळतात. त्यातले भाग काढून, मराठीत करून एक पुस्तिका काढावी म्हणते. फुकटच आहे तर हरकत काय? — एक प्राध्यापिका, खानापूर

उत्तर : मॅडम, लग्नाच्या पंगतीत जेवण फुकट असतं, म्हणून कुणी पातेलं उचलून घरी नेत नाही. टेलिग्रामवरची बरीचशी पुस्तकं तर त्या पंगतीतलीसुद्धा नव्हेत, कुणाच्या तरी कोठीघरातून आलेली आहेत. त्यांचं भाषांतर करून तुमचं नाव घालून पुस्तिका काढलीत तर प्रकाशकाचं पत्र येऊ शकतं, आणि ते मराठीत नसेल.

मुक्त साहित्य म्हणजे पातेल्यासकट, कृतीसकट दिलेलं जेवण. प्रत ठेवा, वर्गात वापरा, बदला, दुसऱ्यात मिसळा, पुढे वाटा, अशी पाचही कामं करायला मालकानं आधीच लेखी परवानगी दिलेली असते. विचारायला जावं लागत नाही. युनेस्कोनं या कल्पनेला 'मुक्त शैक्षणिक साहित्य' हे नाव २००२ साली दिलं, आणि क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या संस्थेचे पहिले तयार परवाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात आले. परवान्यांची अक्षरं बघून घाबरू नका. 'बाय' म्हणजे माझं नाव लिहा. 'एसए' म्हणजे बदललंत तर तुमचंही याच अटीवर खुलं ठेवा. 'एनसी' म्हणजे धंदा करू नका. 'एनडी' म्हणजे बदललेलं वाटू नका. शेवटचं असेल तर तुमच्या कामाचं नाही, कारण भाषांतर हाही बदलच. आणि पानावर परवाना दिसतच नसेल तर तो नाही असंच धरायचं.

तुमच्या विषयाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचं ओपनस्टॅक्स २०१२ पासून पदवीची पुस्तकं काढतंय. त्यांच्या 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स'ची माझ्याकडं जी प्रत आहे तिच्यावर नुसतं 'सीसी बाय' आहे. त्यांच्याच कॅल्क्युलसच्या पुस्तकांवर मात्र एनसी आणि एसए दोन्ही. तेव्हा एका घरातलं म्हणून गृहीत धरू नका, प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान बघा.

मी आमच्या एका तरुण प्राध्यापकाबरोबर त्या इकॉनॉमिक्सच्या पुस्तकाचं मागणी-पुरवठ्याचं तिसरं प्रकरण मराठीत आणायला बसले होते. तिथं मागणी समजावलीय गॅलनभर पेट्रोलच्या भावावर. आमची अर्धी पोरं एस.टी.च्या पासवर येतात, गॅलन कुणी बघितलाय? आम्ही पेट्रोल काढलं आणि रताळी घातली. आषाढी आणि महाशिवरात्रीच्या आधी बाजारात रताळ्यांचं काय होतं ते बेळगाव तालुक्यातल्या पोराला शिकवावं लागत नाही. उपवास म्हणजे मागणीची रेषा उजवीकडं सरकली. सगळ्यांनी एकदम काढणी केली की पुरवठ्याची रेषा सरकली. एका मुलीनं विचारलं, "सर, दोन्ही एकदम झालं तर?" तो तास पुढं घंटा झाल्यावरही चालला. टेलिग्रामवरच्या पुस्तकाला ही शस्त्रक्रिया करायचा तुम्हाला हक्क नाही, याला आहे. मला विचाराल तर फुकट असण्यापेक्षा हेच मोठं.

शस्त्रक्रिया करताच आहात तर आलेखाखाली दोन ओळी लिहा. आम्ही लिहिल्या त्या अशा: "आडव्या रेघेवर रताळ्यांची पोती, उभ्या रेघेवर पोत्याचा भाव. डावीकडं वर सुरू झालेली रेषा उजवीकडं खाली उतरते. भाव कमी होईल तशी गिऱ्हाइकं जास्त पोती उचलतात." येळ्ळूरच्या मुलासारख्यांसाठी म्हणून लिहिल्या. आमच्या वर्गातल्या न दिसणाऱ्या मुलानं त्या ऐकल्या आणि म्हणाला, "म्हणजे चोर्ला घाट की." घाटात वळणं असतात बाबा, म्हटलं, ही रेषा सरळ आहे. "मग घसरगुंडी." परीक्षेत डोळस पोरांनीही घसरगुंडीच लिहिली. रेषांना तांबडा-हिरवा रंग देऊन थांबू नका, रेषेवरच 'मागणी', 'पुरवठा' लिहा. ते दोन रंग वेगळे न दिसणारी मुलं असतात आणि ती कधी सांगत नाहीत.

श्रेयाची ओळ अशी: "मूळ: प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स, ओपनस्टॅक्स, राइस विद्यापीठ. परवाना सीसी बाय ४.०. मराठी रूपांतर आणि स्थानिक उदाहरणं: तुमचं नाव. तिसऱ्या प्रकरणात बदल केले आहेत. हे रूपांतरही सीसी बाय." शेजारी मूळ पुस्तकाची आणि परवान्याची लिंक. झालं.

पुस्तिका कशाला, सरळ गाईड घ्यायला सांगावं, असं तुमचे सहकारी म्हणतील. त्यांना २०२१-२२ ची आठवण द्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे कर्नाटकात नवा अभ्यासक्रम आला, पोरांनी नवी पुस्तकं घेतली. २०२४-२५ पासून राज्य परत तीन वर्षांच्या पदवीवर आलं, परत नवी पुस्तकं. आधीची जुन्या बाजारातही कुणी घेईना. तुमच्या फाईलीत मात्र दोन प्रकरणं खाली-वर केली की काम भागतं.

प्रश्न : सर एका महागड्या पुस्तकातली दोन प्रकरणं झेरॉक्स काढून घ्या म्हणतात. झेरॉक्सवाला म्हणतो, कॉपीराइट आहे, पोलीस येतील. कोण खरं? — बी.कॉम.ची विद्यार्थिनी, टिळकवाडी

उत्तर : सर. दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या प्रकाशकांनी खटला भरला होता. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की शिकवण्यासाठी लागणारा भाग शिक्षकानं निवडून मुलांना झेरॉक्स करून देणं कायद्यात बसतं, काम दुकानदाराकडून करून घेतलं म्हणून त्यात फरक पडत नाही. दोन प्रकरणं त्यात येतात. केवळ पैसे वाचवायला अख्खं पुस्तक काढणं येतं असं मी धरून चालत नाही, तूही चालू नकोस. आणि ही मुभा वर्गापुरती. ती झेरॉक्स स्कॅन करून नेटवर टाकलीस तर झेरॉक्सवाला खरा ठरेल.

प्रश्न : मराठीचा प्राध्यापक म्हणून तीस वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. साहित्यशास्त्राच्या हस्तलिखित नोट्सच्या सतरा वह्या आहेत. मुलांना मोकळ्या द्यायच्या आहेत. भीती एकच, एखादा क्लासवाला स्वतःच्या नावावर छापून विकेल. — निपाणी

उत्तर : सर, आत्ताही विकत असेल. तुमच्या वर्गात बसलेल्या कुणाच्या तरी वहीची झेरॉक्स निपाणीत फिरत नसेल असं मला वाटत नाही, आणि तिच्यावर तुमचं नाव नक्कीच नसेल.

तुम्हाला मोह 'एनसी'चा होईल. धंदा नको, इतकं साधं. मलाही झाला होता. मग लक्षात आलं की त्यामुळं अडतो तो क्लासवाला नव्हे, तो कुठल्याच अटी वाचत नाही. अडतं ते चार पैसे सुटावेत म्हणून पुस्तिका छापणारं गावातलं मंडळ, अटी वाचणारं. 'बाय-एसए' द्या. क्लासवाल्यानं छापलंच तर तुमचं नाव घालावं लागेल आणि त्याच्या पुस्तिकेवरही तोच परवाना छापावा लागेल. म्हणजे एका पोरानं विकत घेतली की बाकीच्यांनी तिची झेरॉक्स काढायला तोच परवानगी देणार. असला धंदा करून बघू दे. एक ध्यानात ठेवा, एकदा दिलेला परवाना लोकांच्या हातातल्या प्रतींवरून काढून घेता येत नाही. मुलीला सासरी पाठवण्यासारखं आहे, आधी विचार करा.

दुसरं काम जास्त किचकट. वह्यांत तुमचं किती आणि दुसऱ्यांचं किती, ते वेगळं काढा. लेखक गेल्यावर साठ वर्षांनी लेखन सगळ्यांचं होतं, गेलेलं वर्ष संपल्यावर मोजायचं. तुकोबा, केशवसुत (निधन १९०५) बिनघोर घ्या. मर्ढेकर १९५६ साली गेले, तेही २०१७ पासून मोकळे झाले. कुसुमाग्रज मात्र १९९९ साली गेले, त्यांची कविता २०५९ अखेरपर्यंत राखीव आहे. चर्चेपुरत्या दोन-चार ओळी उद्धृत करायला हरकत नाही. अख्खी कविता उतरवली असेल तर ती काढा, संग्रहाचं नाव आणि पान लिहा.

आणि सतरा वह्यांचे फोटो काढून पीडीएफ करू नका. येळ्ळूरच्या मुलाचा फोन तुमच्या सुंदर अक्षरापुढं गप्प बसेल. टाइप कोण करणार म्हणाल. फोनच्या कीबोर्डवर माइकचं चित्र असतं, मराठी निवडा आणि बोला. तीस वर्षं तेच तर केलंत. विरामचिन्हं येणार नाहीत, 'ण'चा 'न' होईल, 'रससिद्धांत' म्हटल्यावर एकदा माझ्या फोननं 'रस सीताफळ' लिहिलं होतं. तेवढं नातवाकडून दुरुस्त करून घ्या. एक वही झाली की सोडा, सतराची वाट बघू नका.

प्रश्न : मी कणकुंबीचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बी.कॉम. पहिल्या वर्षाला सगळं इंग्रजीत. गावात नेट येत-जात असतंय, पावसाळ्यात लाईटच नसते. बाकावरचा मित्र कन्नड माध्यमातला, त्याचीही तीच गत. आमच्यासाठी काय आहे का? — एक विद्यार्थी

उत्तर : आहे, थोडंच आहे. पहिलं, मुंबईच्या आयआयटीचे 'स्पोकन ट्यूटोरियल'. आठ-दहा मिनिटांचे धडे, पडद्यावर करून दाखवतात आणि मागं मराठीत बोलतात. तुझ्या मित्रासाठी कन्नडमध्ये. लिबरऑफिस कॅल्क म्हणजे एक्सेलसारखं हिशेबाचं फुकट सॉफ्टवेअर, त्यापासून सुरुवात कर, बी.कॉम.ला तेच लागतं. तुमच्यात कुणी बी.एस्सी.ला असेल तर अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचे 'फेट' हे पडद्यावर करून बघायचे विज्ञानाचे प्रयोग दाखव त्याला, दोन्ही भाषांत बरेच आहेत आणि एकदा उतरवून घेतले की नेट लागत नाही.

नेटचंच म्हणशील तर तुझ्यासारख्याला परवान्याचा उपयोग शहरातल्या पोरापेक्षा जास्त. बेळगावात आलास की कॉलेजच्या वायफायवर धडे उतरव, मेमरी कार्डावर घाल, गावातल्या चौघांच्या फोनवर कॉपी करून दे. परवान्यानं प्रत करायला आणि वाटायला आधीच हो म्हटलंय, तुला कुणी चोर म्हणणार नाही. सरांना सांग, ऐंशी एमबीची स्कॅन पीडीएफ टाकण्याऐवजी टाइप केलेली टाका, ती एका एमबीतही बसते. अंध मुलाला जी फाईल वाचता येते तीच कणकुंबीत उतरते.

पुस्तकात न मिळणारं एक काम तुम्ही दोघं मिळून करा. तीन रकान्यांची वही घाला, इंग्रजी, मराठी, कन्नड. डिमांड, मागणी, बेडिके. सप्लाय, पुरवठा, पूरैके. प्रॉफिट लिहायला घेतलंत की मराठीच्या रकान्यात 'नफा' येईल, कन्नडच्या रकान्यात 'लाभ', आणि लाभ आपल्यालाही कळतो, भांडायला जागाच नाही. आणि बॅलन्स शीटला आपण ताळेबंद म्हणतो, कन्नडच्या पुस्तकात 'अढावे पत्रिके' म्हणतात. आपला 'आढावा' तो! इकडून तिकडं कधी गेला कोण जाणे, खरं गेलाय आणि तिकडं हिशेब लिहीत बसलाय. परीक्षेत इंग्रजीच लिहायचंय, म्हणून पहिला रकाना इंग्रजी ठेवा.

पन्नास शब्द झाले की खाली दोघांची नावं आणि 'सीसी बाय' लिहून माझ्याकडं पाठवा, या सदरात छापायची मी संपादकांना गळ घालीन. खरं वहीचा फोटो काढून पाठवू नका. टाइप करून पाठवा, कन्नड रकाना कन्नड लिपीतच. आवाज उतरवून घेतले की येळ्ळूरच्या पोराचा फोन दोन्ही वाचेल.